टाचेच्या मापानं नेसलेली साडी

लग्नात माझ्या भावानं मला उंच टाचेच्या चपला दिल्या. चॉकलेटी रंगाच्या, पुण्यातून मुद्दाम आणलेल्या. मी तिथं दोन वर्षं शिकायला होते आणि टाचेची सवय अशी लागली होती की सपाट चप्पल घातली की आपण बुटके झालो असं वाटायचं. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या सासरी माझी ट्रंक उघडली, तेव्हा जमलेल्या बायकांनी शालू बाजूला सारून आधी त्या चपलाच हातात घेतल्या. सासूबाईंनी एक चप्पल उलटीसुलटी करून बघितली, टाचेवर बोटानं ठोकलं आणि म्हणाल्या, "ह्ये काय गं पोरी? घोड्याचं खूर लावल्यात व्हय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण आतून चिडले. संस्थान नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं, तरी आमच्या पेठेतलं नटणं-मुरडणं जुन्याच चालीचं होतं. बायका समारंभाला निघाल्या की इरकली लुगडं, नथ, अंबाड्यावर फुलं, सगळं जिथल्या तिथं. पायांत मात्र साधी चप्पल, तीही उंबऱ्याबाहेर काढायची, मग बघतंय कोण? चपलेचा तोरा होता तो पुरुषांचा. तालमीतले गडी करकर वाजणारी चप्पल घालून गल्लीतून गेले की घरात बसल्या बसल्या कळायचं कोण चाललंय ते. बाईच्या पायाचा आवाज व्हायचा तो फक्त जोडव्यांचा. माझ्या चपला फडक्यात गुंडाळून माडीवरच्या कपाटात गेल्या, आणि वर्षातून एकदा माहेरी जाताना स्टेशनपुरत्या बाहेर येऊ लागल्या.

घरात आम्ही चौघंच होतो. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, आमचे हे, मी, आणि ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. वन्संचं लग्न सतराव्या वर्षी झालं आणि एकोणिसाव्या वर्षी त्या कपाळ मोकळं घेऊन माहेरी परत आल्या. मग सातवीची, म्हणजे फायनलची परीक्षा दिली, ट्रेनिंग केलं आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाल्या. शाळेत आवाज खणखणीत. घरात आल्या की तो आवाज चपलांबरोबर बाहेर ठेवल्यासारखा.

मी पहिल्यांदा हबकले ते चैत्रातल्या हळदीकुंकवाला. सकाळपासून वन्सं राबत होत्या. कैऱ्या किसल्या, डाळ वाटली, घागरभर पन्हं केलं, गौरीपुढची आरास त्यांच्याच हातची. पहिली बाई पायरी चढली आणि वन्सं हात पुसून उठल्या, मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. कुणी त्यांना जा म्हणालं नाही. म्हणावंच लागत नव्हतं. बायका डाळीची तारीफ करत होत्या आणि आत्याबाई मान हलवत होत्या. डाळ कुणी केली हे एकीनंही विचारलं नाही. मी आतल्या आत धुमसत होते, पण नवी सून काय बोलणार? पन्ह्याची वाटी घेऊन मागं गेले तर वन्सं वह्या तपासत बसलेल्या. "ठेव तिथं, आणि जा बाहेर, तुला शोधतील," एवढंच म्हणाल्या.

अशी चार-पाच वर्षं गेली. एका रविवारी दुपारी मी परड्यात कपडे वाळत घालून आत आले, तर माडीवरून आवाज येत होता. टक, टक, टक. थोडं थांबून पुन्हा टक, टक. आमची माडी लाकडी तक्तपोशीची, वर कुणी वाटी ठेवली तरी खाली कळायचं. आवाज टाचेचा होता. माझ्या टाचेचा, आणि मी तर खाली!

मी जिना चढून दाराच्या फटीतून पाहिलं. वन्सं माझ्या चपला घालून भिंतीला हात लावत चालत होत्या. पाय त्यांचे मोठे, टाचा मागं बाहेर आलेल्या. भिंत संपली की हात सोडून दोन पावलं टाकायच्या, डगमगायच्या आणि हसायच्या. इतक्या वर्षांत मी त्यांना अशा एकट्याच हसताना कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात खालून आत्याबाईंचा आवाज आला, "कोण गं त्ये? घरात पायताण घालून कोण नाचायलंय?"

वन्संचं तोंड पांढरं पडलं. मी जिन्यावरूनच ओरडले, "मी हाय, आत्याबाई! जरा घालून बघत होते!"

मग मला जी बोलणी बसली त्यांना तोड नव्हती. घरात लक्ष्मी हाय, देव हायत, माहेरी ह्येच शिकवलं काय, इथपासून पुण्याच्या पाण्यापर्यंत. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. त्या रात्रीच्या जेवणात वन्संनी माझ्या ताटात न विचारता जास्तीचं तूप वाढलं.

त्याच सालच्या दिवाळीनंतर शाळेतल्या मोठ्या बाई रिटायर व्हायच्या होत्या. नोकरीच्या मानानं जागा वन्संची. पण शाळेच्या कमिटीत कुजबुज सुरू होती. बाई हुशार आहेत, पण चार लोकांत कधी येत नाहीत, बसत नाहीत, शाळा कशी चालवणार? मोठ्या बाईंनी वन्संना स्पष्टच सांगितलं, कमिटीच्या अध्यक्षांकडं चहाचा समारंभ आहे, घरच्यांसकट बोलावलंय, तिथं तुला बघणार आहेत. आली नाहीस तर जागा दुसरीला गेली म्हणून समज.

वन्संनी घरी येऊन हे सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, "मी काय जायची न्हाय. कुणाच्या घरी पाहुणी म्हणून कसं बसायचं ते विसरलो मी."

मी समजावलं, ह्यांनी समजावलं. आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "माडीवर चालाय येतंय, मग लोकांत चालाय काय झालं?"

वन्सं त्यांच्याकडं बघतच राहिल्या. मीही. म्हणजे त्या दिवशी म्हातारीनं सगळं ओळखलं होतं आणि ओळखूनच शिव्या मला दिल्या होत्या! मला राग यायला हवा होता, पण आला नाही. "जन्म दिला तिचं पाऊल वळकू येत न्हाय व्हय मला?" असं म्हणून त्या पुन्हा खडे वेचू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी वन्संची जुनी चप्पल पिशवीत घालून चपलांच्या गल्लीत गेले. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराला सांगितलं, या मापाची करा, पण टाच दोन बोटं उंच पाहिजे. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी बैलाला चप्पल मागितली.

"टाच? कोल्लापुरी चपलेला?"

"होय की."

"पावणं कुठलं म्हणायचं तुम्ही?"

"याच पेठेतली सून आहे मी."

"मग असं कसं?" म्हणाला, पण हात कामाला लागलेच. चामड्याचे तुकडे एकावर एक रचून त्यानं उंची दाखवली. "वाजणारी करू का मुकी?" मी मुकी म्हणाले. चार दिवसांनी जोड मिळाली. आजही मला वाटतं, तिच्याइतकी देखणी चप्पल पुण्यात कुठं नव्हती.

समारंभाच्या दिवशी वन्संनी आपल्या पेटीतून एक जांभळी सुती साडी काढली. बारीक काठाची, घडी न मोडलेली. पहिल्या पगारात घेतली होती म्हणे, आणि कुठं नेसायची म्हणून तशीच ठेवली होती. घरात चप्पल घालायची सोय नाही, म्हणून परड्यात धुण्याच्या दगडावर त्यांना टाचा घालून उभं केलं आणि मी खाली बसून निऱ्या घातल्या. आत्याबाई दारातून देखरेख करत होत्या. "आनि खाली सोड. टाच दिसाय लागलीया. लोक काय म्हंतील?" मी सोडल्या. "आनि वाईच." आणखी सोडल्या. काठ दगडाला टेकला तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं. तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही की माणसाच्या घरी गेल्यावर चप्पल दारात काढतात. जन्मभर काढत आलो होतो!

टांगा करून आम्ही दोघी रंकाळ्याच्या बाजूला नव्या बंगल्यात गेलो. पायरीवर चपलांची ही रास. वन्संनी माझ्याकडं पाहिलं, मी वन्संकडं. काढल्या. वन्सं एकदम दोन बोटं खाली आल्या आणि काठ पायाखाली लोळू लागला. निऱ्या मुठीत धरून त्या आत गेल्या. दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या होत्या, बटाटेवडे होते, बेकरीची बिस्किटं होती. वन्संनी सगळ्यात मागची, खांबाआडची खुर्ची धरली. मी पुढं चला म्हणून कोपरानं ढोसलं, पण त्यांच्या अंगात ती मागची खोली इतकी मुरली होती की त्या हलेनात.

चहा झाला. अध्यक्ष उठले, मोठ्या बाईंबद्दल बोलले आणि अचानक म्हणाले, "आता त्यांच्या हाताखालच्या बाईंनी दोन शब्द बोलावेत." वन्सं उठल्या. हातात कप होता म्हणून निऱ्या मुठीतून सुटलेल्या. दुसऱ्याच पावलाला काठ पायात अडकला आणि त्या गुडघ्यावर पडल्या. कप फुटला. कुणीतरी खुदकन हसलं, आणि माझ्या पुढची एक बाई शेजारणीला म्हणाली, "सवय नसती वो बिचारीला." त्या 'बिचारी'वर मला असा संताप आला की हातातला वडा तिच्या अंबाड्यावर मारावासा वाटला.

वन्सं उठल्या आणि सरळ दाराकडं गेल्या. संपलं, असं मला वाटलं. घरी निघाल्या. मीही पिशवी उचलली. पण वन्सं पायरीवर वाकल्या, चपला पायांत घातल्या आणि वळून आत आल्या. भरल्या दिवाणखान्यात, सगळे अनवाणी आणि ही एक बाई पायताण घालून! चप्पल मुकी होती, पण फरशीवर टाच वाजलीच. कोपऱ्यात दिवाणावर अध्यक्षांची आई बसली होती, ऐंशीच्या घरातली. तिच्यासमोर उभ्या राहून वन्सं म्हणाल्या, "आजी, साडी टाचेच्या मापानं नेसलेय. टाच काढली आणि पडले. पुन्हा पडण्यापेक्षा घालून बोलते. तुमच्या घरात चुकतेय, पण पोटात घ्या."

म्हातारीनं डोळे बारीक करून खाली बघितलं. "बोल गं बाई, बोल. फरशीच हाय, पुसून घिऊ."

लोक हसले, पण आता ते हसू वेगळं होतं. वन्सं बोलल्या. तोच शाळेतला खणखणीत आवाज. चौथीनंतर मुलींना शाळेतून काढतात त्याबद्दल बोलल्या, कुणाच्या घरची कुठली मुलगी काढली ते नावनिशीवार सांगितलं, आणि त्यातले दोन बाप तिथंच बिस्कीट खात बसले होते. बोलून झाल्यावर त्या मागं निघाल्या तेव्हा अध्यक्षांच्या बायकोनं उठून पुढच्या रांगेतली आपली खुर्ची त्यांना दिली. त्या बसल्या. ताठ, दोन्ही पाय फरशीवर टेकवून.

घरी आलो तेव्हा आत्याबाई उंबऱ्यातच बसून होत्या. जागा मिळाली का, कोण कोण आलं होतं, काय खाल्लं, काही विचारलं नाही. वन्सं पायरीवर टेकल्या, चपला सोडू लागल्या. टाचेवर मोठे फोड आले होते.

"बसाय कुठं दिलं गं तुला?" आत्याबाईंनी विचारलं.

वन्सं म्हणाल्या, "पुढं. पहिल्या रांगेत. खुर्चीवर."

आत्याबाईंचा चेहरा आधी उजळला आणि मग कसातरीच झाला. त्यांनी हात पुढं करून लेकीचा पाय ओढून आपल्या मांडीवर घेतला. वन्सं नको नको म्हणत होत्या. फोडांवरून बोटं फिरवत त्या माऊलीनं मान खाली घातली आणि म्हणाली, "परक्यांनी पुढं बसीवलं बघ. आन् मी पोटची पोर इतकी वर्सं माज्याच घरात मागं बसीवली."