घर नंबर चारचं सरपण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे मी एका भल्या माणसाला गोत्यात आणणार आहे, आणि तेही शास्त्रीय पद्धतीनं! मूर्खपणा काय, सगळेच करतात हो. पण मी माझा मूर्खपणा किलोमध्ये मोजला, वहीत लिहिला आणि अख्ख्या गावासमोर उभं राहून वाचून दाखवला. बोला, आहे कुणी बरोबरीचा?

तर मी बल्लारपूरचा. अब्बांचं शिलाईचं दुकान, घरी गॅस, मोरीत नळ. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. नागपूरला अर्थशास्त्रात एम. ए. करत होतो आणि आमच्या सरांच्या डोक्यात एक नवाच विषय शिरला होता. पर्यावरणीय पाऊलठसा! म्हणजे काय? तर माणूस जे खातो, जाळतो, पांघरतो, फेकून देतो, ते सगळं पुरवायला पृथ्वीची किती जमीन लागते ते काढायचं. जमीन जास्त लागली की ठसा मोठा.

सर म्हणाले, "सलीम, शहरातलं कुणीही मोजेल. तू जंगलातलं गाव मोज. सात दिवस तिथेच राहा."

सरांचं काय जातं सांगायला!

डिसेंबरात कुरखेड्याला उतरलो. तिथून जीप, जीपनंतर दोन तास पायी, आणि एकदाचा त्या टोल्यावर, म्हणजे जंगलातल्या वाडीवर पोचलो. माझी राहायची सोय महागूभाऊंकडे झाली होती. धानाची थोडी शेती, मोहफुलं, तेंदूपत्ता, असा त्यांचा संसार. घरात पाच माणसं. ते स्वतः, बायको रैनीबाई, म्हातारी आई आणि दोन मुली. मला त्यांनी पुढच्या पडवीत खाट दिली, आणि जोहार म्हणून दोघांनी असे हात जोडले की मला वाटलं, माझ्या मागे कुणी साहेब उभा आहे.

माझं काम सोपं होतं. दहा घरं निवडायची, त्यांना नंबर द्यायचे. रोज सकाळी दोघांनी खांद्यावर बांबू धरायचा, बांबूला हुकाचा काटा, काट्याला सरपणाची मोळी. वजन लिहायचं आणि सांगायचं, आज यातलंच जाळा. दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजायचं. वजाबाकी केली की झालं शास्त्र! महागूभाऊंच्या घराला मी नंबर दिला चार.

पहिल्या तीन दिवसांत माझे डोळे पांढरे झाले. नऊ घरांचे आकडे कसे गुण्यागोविंदानं एकमेकांना धरून होते. आणि घर नंबर चार? बाकी नऊ घरं मिळून जेवढं जाळत होती, जवळपास तेवढं एकटं जाळत होतं!

मी काटा तपासला. बरोबर. वजाबाकी तपासली. ती तर चौथीतलं पोरही चुकणार नाही. मी रोज सकाळी ऊनऊन पाण्यानं आंघोळ करून, दोन कप चहा पिऊन, गरम पोळ्या खाऊन ताज्या डोक्यानं विचार करायला बसायचो, तरी काही उलगडेना. तुम्हाला उलगडलं? शाबास. तुम्ही एम. ए. नाही ना करत!

शेवटी मी आडून विचारलं, "महागूभाऊ, एवढं लाकूड लागतं कशाला?"

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "लागते जी. थंडी लय हाये."

"थंडी तर बाकीच्यांनाही आहे."

"आमालेच जराशी जास्त वाजते," महागूभाऊ म्हणाले. उघड्या अंगानं!

आत रैनीबाईंच्या हातातलं भांडं आपटलं. मला तेव्हाच संशय आला. पण चुकीचा आला, हीच तर गंमत.

चौथ्या दिवशी दुपारी मी काय पाहिलं माहितीये? शेजारची एक बाई डोक्यावर मोळी घेऊन आली, इकडेतिकडे बघितलं, मोळी महागूभाऊंच्या घरामागे टाकली आणि सटकली. थोड्या वेळानं दुसरी. मग एक म्हातारा, बगलेत चार लाकडं घेऊन! मी मोहाच्या झाडाआड उभा राहून सगळं टिपून घेतलं. गावभरचं लाकूड चार नंबरच्या घरात जमा होत होतं आणि तिथून गायब होत होतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे लाकूड बाहेर विकलं जातंय! मी तर मनातल्या मनात सरांची शाबासकी घेऊनसुद्धा टाकली.

आता तुम्ही म्हणाल, गप्प बसायचं ना. मी बसलोही असतो. पण त्या गावाचा एक नियम होता. जो कुणी बाहेरून येऊन गावात काही मोजेल, त्यानं जाण्याआधी सभेत उभं राहून गावाला ते सांगायचं. मोजलेलं घेऊन परस्पर निघून जायचं नाही.

सातव्या दिवशी सकाळी सभा बसली. बाया एकीकडे, बापे एकीकडे आणि खुर्चीवर वनखात्याचे गार्डसाहेब. मी वही उघडली. जंगल, पृथ्वी, पुढच्या पिढ्या, सगळं झाल्यावर आवाज चढवून म्हणालो, "पण एक घर असं आहे, जे नऊ घरांइतकं लाकूड एकटं संपवतं. घर नंबर चार!"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, काय परिणाम झालाय भाषणाचा!

गार्डसाहेबांनी डायरी काढली. "चार नंबर कोनाचं?"

महागूभाऊ उभे राहिले. "माहं हाये जी."

"एवढं लाकूड कुठी चाललं? विकून राह्यला का?"

"नाई जी."

"मंग?"

महागूभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाले, "जळलं आमच्याच घरी. भाऊनं मोजलं ते खरं असन."

"मंग कुऱ्हाड जमा कर. चौकशी होईपर्यंत जंगलात जायाचं नाई."

आता मात्र मी घाईनं वही मिटली. जंगलात जायचं नाही म्हणजे चूल कशी पेटायची? मोहफुलांचं काय? मी आकडा सांगितला होता हो, माणसाची कुऱ्हाड काढून घ्यायला नव्हतो आलो! महागूभाऊ घरात गेले, कुऱ्हाड घेऊन आले आणि गुपचूप गार्डसाहेबांच्या पायाशी ठेवली. आणि सभेतल्या एकाही माणसानं तोंड उघडू नये? सगळे जमिनीकडे बघत बसलेले!

तेवढ्यात रैनीबाई उठल्या. पदर खोचला आणि म्हणाल्या, "गार्डसाहेब, कुऱ्हाड नेता त ह्या भाऊलेई संगं घेऊन जा!"

"तू चूप राय," महागूभाऊ म्हणाले. "पाहुना हाये तो."

"पाहुना हाये म्हनूनच सात दिस चूप रायलो!" रैनीबाई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, सकाळी तुमाले गंजभर कढत पानी लागते. संध्याकाळी हातपाय धुवाले आनखी. प्याचं पानी तुमी ईस मिन्टं उकळाले सांगता, घड्याळ धरून! आमी भात खातो, तुमाले भात पचत नाई म्हनून दोन टाइम पोळ्या. चा पाच खेपा. खाटेजवळ शेकोटी. अन् तुमची ते जाड पॅन्ट! ते धुतल्यावर दोन दिस वाळत नाई, म्हनून म्या चुलीवर धरून वाळवली. मोळी सरली त गावानं आपल्या घरची लाकडं आनून देल्ली. अन् तुमी झाडामांगं लपून मोजून राह्यले!"

म्हणजे मी लपलो होतो तेही गावाला माहीत होतं!

मी महागूभाऊंकडे पाहिलं. "अहो, मग मी विचारलं तेव्हा सांगायचं ना!"

"पाहुन्याले त्याच्याच आंघोळीचं लाकूड मोजून दाखवतेत का जी?" महागूभाऊ म्हणाले. "बरं नाई दिसत."

गार्डसाहेबांनी डायरी मिटली. कुऱ्हाड उचलून महागूभाऊंच्या हातात परत दिली. मग माझी वही मागून घेतली आणि शांतपणे विचारलं, "चार नंबरमंधी मानसं किती लिवली?"

"पाच."

"अन् तुमी कोन हा? देव?"

जे हसले म्हणता सगळे! बाया पदरात तोंड घालून, म्हातारे खोकत खोकत, आणि गार्डसाहेबांची तर टोपीच खाली पडली. मी जगाचा ठसा मोजायला निघालो होतो आणि स्वतःलाच मोजायचं विसरलो होतो. खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याहीपेक्षा, एक माणूस माझा मान राखायला कुऱ्हाड सोडून द्यायला तयार झाला, या विचारानं डोळे भरून आले.

मी तिथेच वहीत दुरुस्ती केली. रैनीबाईंना विचारून माझं लाकूड वेगळं काढलं, तर चार नंबरचं घर गावात सगळ्यांत कमी जाळणारं निघालं! आणि तळाशी अकरावी ओळ घातली. माणसं एक, धंदा पर्यावरणाचा अभ्यास.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण मला चढला जोश. भर सभेत जाहीर केलं, "आज मी स्वतः जंगलात जाणार आणि जाळलं तेवढं लाकूड आणून देणार!"

महागूभाऊ नको नको म्हणत असताना गेलो, तर ते आणि रैनीबाई मागोमाग आले. तीन तास पडलेल्या काटक्या वेचल्या. वाळलेलं कुठलं, ओलं कुठलं, तेही महागूभाऊच सांगत होते. मोळी बांधली, ऐटीत डोक्यावर घेतली, दहा पावलं टाकली आणि पाठीत अशी उसण भरली की मी जिथल्या तिथे वाकडा! मग काय, पुढे मोळी डोक्यावर घेतलेल्या रैनीबाई आणि मागे महागूभाऊंच्या खांद्यावर लोंबकळणारा मी, अशी आमची वरात टोल्यावर आली.

मला पालथं निजवलं. रैनीबाईंनी निर्गुडीचा पाला घालून चुलीवर पाणी चढवलं आणि संध्याकाळपर्यंत माझी पाठ शेकली. मी पडल्या पडल्या विचारलं, "बाई, माझी मोळी कुठे ठेवलीत?"

"ते जळली जी तुमच्या पाठीसाठी," रैनीबाई म्हणाल्या. "पुरली नाई. शेजारून एक आनखी आनली."