‘मुलं पाहिजेत’

“आधी पाणी पी, मग बोल,” हे शिट्टीमावशीचं पालुपद. रडणारं पोर असो की भांडायला आलेली त्याची आई, पेला आधी पुढे यायचा. शिवणकाम हा तिचा धंदा. पण अकरा उन्हाळे तिनं गळ्यात शिट्टी अडकवून गल्लीच्या सभागृहात मुलांचं शिबिर चालवलं, तेही गल्लीतल्याच तरण्या पोरापोरींना हाताशी धरून. तिच्या जिवावर आया निर्धास्त कामाला जायच्या.

त्या वर्षी हाताशी कोणी उरलं नाही. तिनं घडवलेली सगळी गोदामात कामाला चिकटली होती. बारा मुलांमागे एक जाणतं माणूस हवं, असा पालिकेच्या कचेरीचा नियम. मुलं अठ्ठेचाळीस आणि माणसं दोन, ती अन् तिची भाची. सोमवारी तपासणी. मावशीनं घाईघाईनं सभागृहाबाहेरच्या फळ्यावर लिहिलं, ‘शिबिरासाठी मुलं पाहिजेत. सोमवारी आठला या.’

सोमवारी दार उघडलं, तर नेहमीच्या अठ्ठेचाळिसांत आणखी एकतीस चिमुरडी, गळ्यात पाण्याच्या बाटल्या. सोडायला आलेल्या आया केव्हाच कामाला गेलेल्या.

भाचीनं कपाळाला हात लावला. “तू मुलं मागितलीस, लोकांनी मुलं पाठवली.”

“अगं, मुलं म्हणजे तुझ्याएवढी.”

“मी मूल? तेवीस पूर्ण झाली मला.”

“मला तुम्ही सगळी मुलंच दिसता गं.”

नऊला तपासनीस आला. त्यानं डोकी मोजली. “मावशी, हे शिबिर आहे की बाजार? आणखी पाच जण लागतील. दहापर्यंत थांबतो. नाहीतर कुलूप. माझाही नाइलाज आहे.”

मावशीनं फोन लावले. एक म्हणाली, गोदामात दिवसपाळी लागलीय. एकानं उचललाच नाही. ज्याला तिनं बुटाची नाडी बांधायला शिकवलं होतं, तो म्हणाला, “कोण मावशी?”

ती बाकावर बसली. मग उठून तिनं चपला पायात सरकवल्या.

“कुठे निघालीस?” भाचीनं विचारलं.

“गोदामाच्या फाटकाशी. रात्रपाळी साडेनऊला सुटते.”

“दमलेली असतील गं. कोणी येणार नाही.”

“माहीत आहे मला.”

ती रस्त्याच्या कडेनं, सावली सोडून, जवळजवळ धावतच निघाली. दारात भाची उभी होती. तपासनीस एकदा घड्याळाकडे, एकदा मावशीच्या पाठीकडे बघत होता. आणि खिडक्यांच्या गजांना बिलगलेली एकोणऐंशी मुलं, ती वळणाआड होईपर्यंत पाहत राहिली.