सासऱ्यांच्या जाळ्यातला टॉर्पेडो

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी पंपांचा फिटर आहे. बारा वर्षं माझं वैर एकाच गोष्टीशी, ती म्हणजे बुडबुडा. पंपाला पाणी नीट ओढता आलं नाही की आत बुडबुडे होतात, फुटतात आणि वाळवी लागल्यासारखं पोलादी चाक खाऊन टाकतात. त्यामुळे शिफ्टच्या बसमध्ये मोबाइलवर पाणबुडीतून सुटून बुडबुड्यात बसून पळणाऱ्या टॉर्पेडोची माहिती पाहिली, तेव्हा मला तो स्वतःचा अपमानच वाटला. हा गडी सपाट नाकाने पाणी फाडतो, पुढून वायू सोडतो आणि त्या पोकळीतून रॉकेटच्या जोरावर सुसाट सुटतो. अंगाला पाणी जवळजवळ लागतच नाही. मग मी झपाटलोच. जेवताना पाणबुड्या, झोपताना पाणबुड्या. बायको म्हणायची, "आधी आपल्या बाथरूमचा नळ गळतोय तो बघा."

बायको पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार गावातली, मी घाटावरचा. लग्न आमचं आम्ही ठरवलेलं. चार वर्षं झाली तरी सासरे माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर ताट घेऊन बसलेला असताना बायकोला विचारत, "तुजा मानूस आनखी भात घेनार हाय का?" त्यांच्या तोंडून एकदा 'जावई' ऐकायला मिळावं, म्हणून मी काय वाटेल ते केलं असतं.

एका रविवारी सकाळी आम्ही तिकडे गेलो, तर किनाऱ्यावर ही गर्दी. सासऱ्यांच्या जाळ्यात मासळीबरोबर एक जड नळकांडं आलं होतं. सासरे बायकोकडे वळले. "तुजा मानूस कारखान्यात हाय ना? त्याला इचार, ह्ये काय हाय."

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी पुढे झालो. नळकांडं उभं केलं तर कमरेहून उंच भरेल एवढं, अंगभर शिंपले चिकटलेले. नाक सपाट! मधोमध बारीक भोकांचा पट्टा!

"कुणी हात लावू नका," मी ओरडलो. "टॉर्पेडो आहे. बुडबुड्यातून पळणारा. ही बघा वायू सोडायची भोकं."

बोंबील वाळत घालणाऱ्या बायका टोपल्या टाकून मागे सरल्या. सासूबाई मात्र जवळ आल्या. "अवो, पन ही तर..."

"आई, मागे व्हा!"

मग माझं तोंड सुटलं. पाणबुड्यांचं युद्ध कानांवर चालतं, जो गप्प तो वाचतो, हे सांगितलं. हा टॉर्पेडो वेगाने जातो खरा, पण स्वतःच्याच आवाजात त्याला दुसरं काही ऐकू येत नाही, हेही सांगितलं. सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "माजं आयका तरी." मी हातानेच त्यांना गप्प केलं.

"भरती यायच्या आत जाळं कापा," मी सासऱ्यांना म्हणालो. "ओढू नका. लांबून कापा आणि पळा."

नळकांडं अडकलं होतं जाळ्याच्या शेपटीत, म्हणजे मासळी साठते त्या मागच्या टोकात, आणि ती शेपटी त्यांनी अख्खा पावसाळा बसून हाताने विणली होती. ते माझ्याकडे बघत राहिले. मग सुरी काढली आणि कापलं. माझ्या सांगण्यावरून! मला आकाश ठेंगणं झालं.

मी पोलिसांना फोन लावायला मोबाइल काढला तोवर सासूबाई कोयता घेऊन त्या नळकांड्यापाशी बसल्या होत्या. दोन फटक्यांत शिंपले उडाले. खालून कापलेल्या वायरचं बोटभर टोक आणि पत्र्याची पट्टी निघाली. पट्टीवर लिहिलं होतं, तीन एच.पी.

"मोटर हाय," त्या म्हणाल्या. "कोलंबीच्या तलावावर असती तशी. मगासपासून तेच सांगते."

पाण्यात सोडायचा पंप. भोकं पाणी आत घ्यायची. तसलाच एक मी आदल्याच आठवड्यात खोलून परत बसवला होता. गाव हसून हसून वाळूत बसलं. सासरे हसले नाहीत. कापलेली शेपटी गोळा करून ते घरी निघून गेले, आणि मला खरंच रडू आलं.

पुढच्या रविवारी मी न बोलावता त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्यांनी माझ्याकडे न बघता जाळं विणायची सुई पुढे सरकवली. सुट्टी असेल त्या दिवशी मी तिथे. माझ्या निम्म्या गाठी ते उसवत. बसायला आम्हाला तोच पंप होता, आडवा टाकलेला.

एकदा शेजारच्या गावचा त्यांचा दोस्त आला. कापलेली शेपटी बघून त्याने विचारलं, "ह्ये काय झालं रे?"

"टारपेडो घावला," सासरे अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "माज्या जावयानं वलखला."

माझी गाठ चुकली. त्यांनी ती सोडवली आणि दोरा परत माझ्या हातात दिला.