हरिदास मिस्तरींचं ऑइल

हरिदास मिस्तरींकडे गाडी नेली की ते बॉनेट उघडत नसत. पाना हातात घेत नसत. आधी गाडीला वळसा घालून मागे जात, उकिडवे बसत, स्प्रिंगच्या पाट्यांवरून हात फिरवत, टायरच्या कडा अंगठ्यानं चाचपत आणि मग विचारत, "काय काय वाहून राहिला बाप्पा हिच्यातून?"

गिऱ्हाईक वैतागायचं. "मिस्तरी, आवाज समोरून येऊन राहिला."

"दुखते समोर. आजार मागं असते," एवढं बोलून ते पुन्हा पाट्यांकडे वळायचे.

सौंसरमध्ये छिंदवाड्याच्या रस्त्याला टिनाच्या छपराखाली त्यांचं गॅरेज होतं. पाटी नव्हती. हाताखाली कोणी नव्हतं. उंच, सडसडीत माणूस, खाकी शर्ट, आणि शर्टच्या खिशात कायम एक दात घासायचा जुना ब्रश. त्या ब्रशनं ते बोल्टांचे आटे साफ करायचे. तीस वर्षं नागपूरच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनं खोलून ते गावी परतले होते. "त्या शहरात मले कधी चिमणी ऐकू नाही आली. आता पोटापुरतं करतो आन् चिमण्या ऐकतो," असं ते म्हणायचे. त्यांच्या छपराच्या पाइपात चिमण्यांची दोन घरटी होती हे खरं.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो आमची पिकअप घेऊन. आमचं घर शेतकऱ्याचं. सौंसरजवळ संत्र्याचा बगीचा आणि थोडा कापूस. वडील लवकर गेले. वामनदादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, त्यानंच मला वाढवलं. पिकअपही त्यानंच घेतली, त्याच्याच नावावर. चावी माझ्या हातात देताना म्हणाला, "सुधाकर, गाडी तू चालव. पण हिच्यामागं ट्रॉली लावायची नाही. छोटं इंजिन हाय, जीव पाहून काम घ्यायचं." मी हो म्हणालो.

इंजिन छोटं होतं, पण टर्बो होता, आणि मला त्याचा फार गर्व होता. चौकात कोणी मोठ्या गाडीची बढाई मारली की मी म्हणायचो, "आपले सिलिंडर तीनच, पण ओढून दाखव." मिस्तरींसमोरही मी हे बोललो. ते हसले. "टर्बो म्हणजे उसनं अवसान, सुधाकर. लागन तवा घ्यावं. त्याच्यावर संसार नाही मांडू." मग त्यांनी मला इंजिनाजवळ कान न्यायला लावला आणि समजावलं. चढावर मोठ्या गिअरमध्ये ओढू नको, टर्बो जागा झाला नसते, तू मात्र पाय दाबत राहतो. आणि मोठी चढण चढून आलास तर लगेच चावी बंद करू नको. "धावून आलेल्या माणसाले कोणी खाटेवर ढकलते का? दोन मिनिटं उभा राहू दे त्याले." टर्बोच्या आतला पंखा लालभडक तापलेला असतो, इंजिन बंद केलं की त्याचं ऑइल थांबतं आणि तिथंच जळतं, हे मला त्या दिवशी कळलं. कळलं नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

माझा साळा पांढुर्ण्याला राहतो. त्याच्याकडे दोन चाकांची एक ट्रॉली पडून होती. बोरगावला एका वेल्डिंगवाल्याकडून मी पिकअपच्या मागे हूक बसवून घेतला. दादाला सांगितलं नाही. मी तेव्हा तिशीचा, एका मुलीचा बाप, आणि घरातली एकही वस्तू माझी नव्हती. पांढुर्ण्याकडच्या चार शेतकऱ्यांची संत्री एका फेरीत दोन फेऱ्यांची नेऊ लागलो, तेव्हा आपलं स्वतःचं काहीतरी झालं असं वाटायचं. सपाट रस्त्यावर गाडी अशी ओढायची की मागे ट्रॉली आहे हे विसरायला व्हायचं.

मिस्तरींपासून ते लपणार नव्हतं. ऑइल बदलायला गेलो, ते नेहमीप्रमाणे मागे गेले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"वामनरावले मालूम हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

ते उठले. मग खडू घेतला आणि फरशीवर गाडी आणि ट्रॉली काढली. माल ट्रॉलीच्या पुढच्या अंगाला भरायचा, मागे भरला तर ती गाडीचं शेपूट उचलते. अर्धीच भरायची. घाटात न्यायची नाही. "ओढणं इंजिनाचं काम, थांबवणं सगळ्या गाडीचं. ओढते म्हणून थांबन असं समजू नको. टर्बो गेला तं नशीब समज, उतारात ब्रेक गेले तं तू जाशीन." आणि मी निघताना म्हणाले, "दादाले तूच सांग. मी नाही सांगणार. पण सांग."

त्यांनी खरंच कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर आठच दिवसांनी मी पिकअपही भरली आणि ट्रॉलीही काठोकाठ भरली, आणि छिंदवाड्याला निघालो. त्या दिवशी तिकडे भाव चांगला होता. घाटात अर्ध्यावर समोर एक ट्रक अडकला होता. थांबावं लागलं. पुन्हा निघताना चढावर गाडी हलेना. क्लचचा जळका वास आला. मी पाय दाबतच राहिलो. मग टर्बोनं जोर धरला आणि बारीक शिट्टीसारखा आवाज करत गाडी वर चढली. वर चहाच्या टपरीवर ओळखीचे ड्रायव्हर उभे होते. एकानं ट्रॉलीकडे पाहून टाळी वाजवली. मी गाडी लावली, तिथल्या तिथं चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि उडी मारून उतरलो. "तीन सिलिंडर!" मी ओरडलो.

चहा पिऊन गाडी सुरू केली तेव्हा निळ्या धुरानं टपरी भरून गेली. ताटावर सुरी घासावी तसा आवाज आला आणि गाडीतलं बळच गेलं.

माल दुसऱ्या गाडीनं पाठवला. ट्रॉली साळ्यानं येऊन नेली. पिकअप कशीबशी रेटत मी सरळ बगीच्यात आणली, स्वतः खाली झोपलो आणि हूक खोलून काढला. विहिरीमागे तुराट्यांचा ढीग होता, त्याखाली तो ढकलला. मगच घरी गेलो.

"काय झालं?" दादानं विचारलं.

"ऑइल खराब टाकलं असेल मिस्तरींनी," मी म्हणालो. आठ दिवसांपूर्वीच ऑइल बदललेलं, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं. 'असेल' हा शब्द मी मुद्दाम घातला. त्या एका शब्दानं आपलं पाप हलकं होतं असं मला वाटलं. दादानं तो ऐकलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मला घेऊन गॅरेजवर गेला. मागून ट्रॅक्टरनं ओढत पिकअप आणली होती. चार-सहा गिऱ्हाइकं होती, बाजूला चहावाला होता. दादा उतरल्या उतरल्या सुरू झाला. "काय मिस्तरी, पानी टाकलं का ऑइल? विश्वासानं गाडी देऊन राहिलो तं हे धंदे?" आणखीही बोलला. आमच्या आळीतल्या एखाद्या मिस्तरीशी दादा असं बोलला असता का, बौद्ध वस्तीतल्या माणसाशी बोलताना त्याची जीभ इतकी सैल का सुटली, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. नंतर पुष्कळदा विचारलं.

मिस्तरी सवयीनं मागे गेले. खाली बसले. जिथं हूक होता तिथं बोल्टांची चार भोकं होती, कडेचा रंग उडून लोखंड चकाकत होतं. एका भोकात त्यांनी बोट घातलं.

"वामनराव, हिनं ट्रॉली ओढली हाय. घाटात ओढली हाय."

दादा माझ्याकडे वळला. "सुधाकर, ओढली का रे?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मिस्तरीही. त्यांच्या नजरेत राग नव्हता. गाडी सुरू होईल की नाही हे पाहताना माणूस थांबतो, तसे ते थांबले होते. मी त्यांच्या खिशातल्या ब्रशकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो.

खडूनं काढलेली ट्रॉली, दिलेली ताकीद, सगळं ते बोलू शकले असते. ते उठले, फडक्यानं बोट पुसलं आणि म्हणाले, "भाऊ तुमचा हाय. तुम्ही त्याचंच ऐकान. गाडी घेऊन जा."

दादाचं गावात वजन होतं. तो ज्याला त्याला सांगत सुटला. नवा टर्बो आम्ही नागपूरला बसवला. तिथल्या कारागिरानं जुना खोलून पाहिला आणि सहज म्हणाला, "ऑइल तं चांगलं होतं. लय ओढलं हिले कोनी तरी." तेव्हा दादा बाहेर चहा पीत होता. आत मी एकटाच होतो.

एकेक करून गाड्या मिस्तरींकडे जायच्या थांबल्या. वर्षाच्या आत त्यांनी छपराला कुलूप लावलं आणि साठीत पुन्हा नागपूरला गेले, दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये रोजानं काम करायला. बायको, कुसुमकाकू, सौंसरलाच राहिल्या. त्या बाजारात दिसल्या की मी रस्ता बदलायचो.

मी शनिवारी जामसांवलीला जायला लागलो. मारुतीसमोर हात जोडून सगळं सांगायचो. देवाला सांगणं सोपं असतं, तो चौकात येऊन बसत नाही. परतताना शेजारच्या सीटवर दादा असायचा, आणि त्याला मी पावसापाण्याचं बोलायचो.

दोन वर्षांनी धीर करून मी नागपूरला त्यांच्या वर्कशॉपवर गेलो. ते एका गाडीखाली पुठ्ठ्यावर झोपले होते. हाक मारली तसे सरकत बाहेर आले. बरेच वाळले होते.

"काका, त्या दिवशी मी खोटं बोललो," मी म्हणालो. येताना बसमध्ये पुष्कळ वाक्यं जुळवली होती, त्यातलं हेच तोंडातून निघालं.

ते उठून बसले. "मले काऊन सांगून राहिला? मले तं त्याच दिवशी मालूम होतं. ज्यायले मालूम नाही त्यायले सांग ना."

त्यांनी फडक्याला हात पुसले.

"नवा टर्बो कसा हाय?"

"बरा आहे."

"ट्रॉली?"

"नाही लावत आता."

"चांगलं हाय," ते म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली सरकले.

घरी आल्यावर मी दादाला सांगणार होतो. मग दादाला रक्तदाब निघाला. मग मुलीची परीक्षा होती. मग बगीच्याचा हंगाम. कारणं मिळत गेली, मला ती हवीच होती.

मागच्या उन्हाळ्यात मिस्तरी नागपूरलाच वारले. अंत्यविधी सौंसरला झाला. काही दिवसांनी त्यांच्या अंगणात आदरांजलीची सभा होती. आम्ही दोघे भाऊ गेलो. बुद्धवंदना झाली. मग लोक एकेक करून उठून बोलू लागले. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "लाखाचा माणूस. आता शेवटी शेवटी हात थोडा बिघडला होता, ते ऑइलचं प्रकरण झालं. पण वयानं होते कोनाचंबी. आपण ते मनात ठेवू नये."

किती मायेनं बोलले ते! लोकांनी माना डोलावल्या. माझं खोटं आता मिस्तरींच्या आठवणीत जाऊन बसलं होतं, आणि लोक त्याची त्यांना माफी देत होते. दारापाशी बसलेल्या कुसुमकाकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि गुंडाळतच राहिल्या.

मी उठलो. "ऑइल चांगलं होतं," मी म्हणालो. "गाडीला ट्रॉली मी लावली होती. काठोकाठ भरून घाटात मी नेली होती. त्यांनी मला नको म्हणून बजावलं होतं. दादानं सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. ते खोटं होतं."

एवढं सांगायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. इतकी वर्षं ते माझ्याच्यानं झालं नव्हतं. मग मला भरून आलं आणि मी बोलतच सुटलो, की मी किती जळलो, कसा नागपूरला गेलो, मला कशी झोप लागत नाही.

"झालं ना सांगून?" कुसुमकाकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "बसा आता. लोकायले त्याहिच्याबद्दल बोलायचं हाय."

मी बसलो. दादा उठला, चप्पल घातली आणि माझ्याकडे न पाहता फाटकाबाहेर निघून गेला.

मग मागून एक माणूस उठला. तो म्हणाला, त्याची जीप एकदा बोरगावच्या पुढं भर उन्हात बंद पडली होती, आत बायको, दिवस भरलेली. निरोप मिळाला तसे मिस्तरी सायकल मारत आले. याला वाटलं, आता गाडी सुधरवतील. तर मिस्तरींनी गाडीकडे पाहिलंच नाही. रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि येणारी पहिली मोटार अडवली. "म्हणाले, आधी बाईले धाड, गाडी काय, उद्याबी सुधरन. मोटारवाला शिव्या देऊन राहिला, आन् हे त्याले म्हणत, दे, पण दार उघड!"

लोक हसले. कुसुमकाकूंनी पहिल्यांदा मान वर केली. "ते पोरगं आता कॉलेजले जाते," त्या म्हणाल्या.

"हो ना काकू, जाते ना," तो माणूस म्हणाला आणि पुढे सांगू लागला. सतरंजीच्या कडेला बसून, मान खाली घालून मी ऐकत राहिलो.