उंच भाऊचा पट्टा अन् खिशातली चावी

गावाकडल्या मंडळीहो, आज काय झालं ते ऐका.

इथं कोइंबतूरच्या गॅरेजात साठच्या दशकातल्या जुन्या स्पोर्ट्स कारले रेसिंगचा सीटबेल्टचा पट्टा मीच बसवला. बसवणाराच सीटवर बसून माप घेते, अशी आमची रीत. अन् मी बुटका!

आज आपल्या अमरावतीचे सव्वासहा फुटी विजूभाऊ रेसले त्या गाडीत बसले, तं माह्या मापानं खाली लावलेला पट्टा खांद्यावरून सरळ मागं जायच्या जागी खांदे खाली दाबून राहिला. गाडी ठोकली असती तं मणकाच गेला असता.

"भाऊ, उतरा," मी म्हटलं.

"अकोल्या, हो बाजूले! रेस सुटून राहिली!" भाऊ ओरडले; मी अकोल्याचा, म्हणून ते मले तशीच हाक मारते.

मी चावी काढून खिशात घातली. रेस त्यायच्याबिगर सुटली. भाऊ हेल्मेट आपटून निघून गेले. गॅरेजचा मालक म्हणे, उद्यापासून कामाले येऊ नको.

तुमी असता तं चावी देली असती काय?