संध्याकाळपर्यंतची मान

मानेत सुई टोचून घ्यायला मी बाकावर बसले होते. समोरच्या खाटेवरच्या बाईंना नुकतीच टोचली होती. पहिली सुई, दुखणारी नस हीच का, एवढं तपासण्यापुरती. नस संध्याकाळपर्यंतच बधिर राहते.

बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, जरा माझ्या मागे उभे राहा ना." ते राहिले. बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "आता या बाजूला या." पुन्हा पाहिलं.

"अगं, पुरे की," ते लाजले.

"संध्याकाळी परत दुखेल. तोवर बघून घेते."

मला कुणी मागून हाक मारली, तर कपाट सरकवावं तशी मी अख्खी वळते. कायमचं बरं व्हायचा हट्टही आता संपलाय. एक दुपार मिळाली तरी पुरे.

सिस्टरनं विचारलं, "तुमच्यासोबत कोण आहे?"

मी सवयीनं अख्खी वळले. मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.