माकडहाड आणि बशीतलं गरम पाणी

दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, की माझी कंबर दुखते. कंबर माझी ठणठणीत आहे. दुखतं ते तिच्या चांगलं चार बोटं खाली, पाठीचा कणा जिथे संपतो आणि माणूस जिथे टेकतो तिथलं शेवटचं हाड. त्याला माकडहाड म्हणतात. आता पन्नाशीला आलेल्या, नगरच्या सावेडीतल्या शाळेत पोरांना शिस्त लावणाऱ्या बाईने ‘माझं माकडहाड दुखतंय’ असं चारचौघांत कसं म्हणायचं? म्हणून कंबर. मग सगळ्यांनी माझ्या त्या निरपराध कंबरेवर उपचार केले. तिला पट्टा बांधला, वजनं लावून ताणलं, शेकलं, तेलाने चोळलं. आमच्या घराण्यात एवढी लाडावलेली कंबर दुसरी नसेल. माकडहाड बिचारं खाली तसंच ठणकत राहिलं.

हे पहिलं खोटं. दुसरं याहून वाईट आहे, आणि ते मी फक्त एका अक्षरात बोलले.

दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी सकाळची शाळा सुटली, पोरं गेली, शिपाई मागच्या खोल्यांना कुलपं लावत होता. मैदानात लहान गटाची घसरगुंडी उन्हात चमकत होती. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या शाळेत एक लिंबाचं झाड होतं आणि एक घंटा. घसरगुंडीवर मी जन्मात बसले नव्हते. दुसऱ्यांच्या पोरांना मात्र वीस वर्षं ‘एकेकाने, ढकलू नका, उलटं चढू नका’ असं ओरडत आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पर्स बाकावर ठेवली आणि चढले.

वाटलं होतं, हळूहळू येईन. पण अंगावर सिंथेटिक साडी, आणि पत्रा शेकडो चड्ड्यांनी घासून आरसा झालेला. ब्रेक निकामी झालेल्या टेम्पोसारखी आले मी! खाली वाळू असायची ती कधीच वाहून गेली होती. आपटले ती थेट सिमेंटच्या कडेवर. आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मला हसू आलं.

भिंती धरत घरी पोचले. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. माझ्या आत्याबाई नेवाशाकडच्या, वय सत्तरीच्या पुढे, आवाज बैल हाकायचा. त्या मागच्या नळावरून पाणी आणून माठ भरत होत्या आणि स्वयंपाकघराच्या दारात पाणी सांडलं होतं. त्या पाण्याला मी नीट वळसा घातला, स्टुलावर टेकले आणि किंचाळले. आत्याबाई धावत आल्या. पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“आगं माझ्या बाये! माझ्याच पान्यावरनं घसारलीस व्हय?”

मी म्हटलं, “हं.”

एवढंच. एक अक्षर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवीला नवस बोलला. सून पंगतीत मांडी घालून पोटभर जेवेपर्यंत चहा वर्ज्य. आत्याबाईंचा चहा म्हणजे दिवसाला सहा कप, तेही बशीतून. आता त्या बशीत गरम पाणी ओतायच्या, फुंकर घालायच्या, डोळे मिटायच्या आणि भुर्रकन ओढायच्या.

“कसं आहे?” माझा नवरा विचारायचा.

“गरम हाय,” त्या म्हणायच्या.

शिवाय माझी भाकरी ज्यांना वीस वर्षांत कधी गोल दिसली नाही, त्या आता मला परातीला हात लावू देईनात. “ऱ्हाऊ दे, मी थापते. तू जा, आडवी पड.” माझा डबा, माझे कपडे, माझं अंथरूण! शाळेत तर आणखी गंमत. बसता येत नाही म्हणून मी दिवसभर बाकांमधून फिरायचे, त्यामुळे पोरं चळचळा कापायची आणि मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर माझ्या निष्ठेचं कौतुक केलं. मी ते मान खाली घालून, उभ्या उभ्या स्वीकारलं.

रोज ठरवायचे, आज सांगायचं. समोर बशीतल्या पाण्यावर फुंकर चाललेली असायची. मी तोंड उघडायचे आणि म्हणायचे, “आत्याबाई, मीठ द्या.”

मग आत्याबाईंना कुणीतरी सांगितलं, की घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात एक जाणता म्हातारा येतो, लंगडी जनावरं चालती करतो.

“मी काय जनावर आहे?”

“बैलाला गुन येतोय, मग तुला यायला काय झालं?”

एसटीत अर्ध्या सीटा रिकाम्या, आणि मी दांडी धरून उभी. कंडक्टरला राहवेना. “ताई, बायकांना तिकीट अर्धं हाय, पर सीट पुरी मिळती की! बसा.” आत्याबाईंनी खाली बघितलं. “माझ्यामुळं हाय हे,” त्या त्याला हळूच म्हणाल्या. मला वाटलं, गाडीतून उडी मारावी.

म्हातारा एका म्हशीचे दात बघत होता. मला त्याने हातसुद्धा लावला नाही. पोत्याकडे बोट दाखवलं.

“बस.”

बसले.

“ऊठ.”

उठले.

“पुन्यांदा बस.”

दोन व्यापारी येऊन उभे राहिले. आता माझेही दात बघतात की काय, असं वाटलं. तिसऱ्यांदा उठले तेव्हा म्हातारा म्हणाला, “कंबर न्हाई. शेपटाचं मूळ दुखतंय हिचं.”

“आवो, मानसाला कुठलं शेपूट?” आत्याबाई म्हणाल्या.

“मूळ तर हाय न्हवं? जनावर उठताना कळतं. पुढं वाकती, एका अंगावर भार घेती. कशी पडली?”

“पान्यावरनं घसारली,” आत्याबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. “माझ्याच हातनं सांडलं हुतं.”

“छ्या! पान्यावर घसारलेलं हातावर पडतं, कुशीवर पडतं. ही बसल्याबसल्या वरनं आलीया. कशावरनं आलीस गं पोरी?”

दोन वर्षांत डॉक्टरांनी ‘कशा पडलात?’ विचारलं की आत्याबाईच उत्तर द्यायच्या. आज प्रश्न थेट माझ्याकडे आला होता.

“घसरगुंडीवरून,” मी म्हणाले.

आत्याबाई हळूहळू माझ्याकडे वळल्या.

“पोरांच्या?”

“हो.”

“तू?”

“हो.”

“लुगडं नेसून?”

“हो.”

“आन माझं पानी?”

“तुमच्या पाण्याला मी वळसा घालून गेले होते, आत्याबाई.”

म्हातारा परत म्हशीकडे वळला. “हे माझ्या हातचं काम न्हाई,” पाठमोराच म्हणाला. “डाक्टरला दाव. पर जागा खरी सांग.”

मी रडायला लागले. आत्याबाई बोटं मोजत होत्या. “दोन वरीस. रोज सा कप. गरम पानी फुकून फुकून पीत हुते मी.” आता कानाखाली बसणार, आणि बसायलाच हवी, असं वाटून मी डोळे मिटले.

“मजा आली का पर?”

डोळे उघडले. त्यांना खरंच ऐकायचं होतं.

“लई,” मी म्हणाले. वर्गात ‘लई’ म्हणणाऱ्याला मी ‘खूप म्हणावं’ सांगते.

आत्याबाईंचे खांदे हलायला लागले. मग पोट. मग त्या पोत्यावर बसल्याच, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी. मीही हसत होते, आणि प्रत्येक हसण्याला माकडहाड ठणकत होतं.

चहाच्या टपरीवर त्यांनी दोन बोटं वर केली, मग एक मिटलं.

“एकच च्या. आन एक गरम पानी. देवीला बोललेलं मोडत न्हाई. पर चूक तुझी, तर नवसबी तुझाच.”

त्यांनी बशीत चहा ओतला, डोळे मिटले आणि पहिला घोट असा ओढला की शेजारचा बैल वळून बघायला लागला. मी पाण्यावर फुंकर घातली. गरम होतं.

आठवड्याने नगरमधल्या एका फिजिओथेरपिस्टबाईंसमोर मी उभी राहून म्हणाले, “कंबर नाही. माकडहाड. घसरगुंडीवरून पडले.” त्या तोंड वळवून हसल्या, मग नीट तपासलं. हाडाभोवतीचे स्नायू दोन वर्षं आवळून बसले होते. ते सैल करायचे व्यायाम दिले, एका जागी फार बसू नका म्हणाल्या, आणि मागची बाजू कापलेली उशी वापरायला सांगितली, म्हणजे हाड अधांतरी राहतं. ती उशी आत्याबाईंनी जुन्या गादीच्या फोमातून विळीवर कापली. “हाडाला खिडकी केलीया,” म्हणाल्या. पहिल्या महिन्यात काही नाही. दुसऱ्यात मी एक अख्खा तास बसून वह्या तपासल्या. आता बरं आहे. पूर्ण नाही, पण बरं आहे.

परवा गावी भाचीच्या साखरपुड्याची पंगत होती. मी उशी ठेवली, मांडी घातली. समोरच्या रांगेत आत्याबाई, नजर माझ्यावर. पुऱ्या झाल्या, बुंदी झाली, भात दोनदा झाला, मठ्ठा आला. मी शेवटचा घोट घेतला आणि उठले. पुढे वाकून, एका अंगावर भार घेऊन, अजून तशीच, पण उठले.

“च्या टाका गं!” आत्याबाई रांगेपलीकडून गरजल्या. “सूनबाईचा नवस फिटला!”

“कसला नवस?” कुणीतरी विचारलं.

“तिलाच इचारा.”

सगळी पंगत घास थांबवून माझ्याकडे बघायला लागली. मी पदर खोचला आणि सांगायला सुरुवात केली. कंबरेपासून नाही, माकडहाडापासून.